हेतूचा दोष फक्त ख्रिस्ती कथेलाच का?

ख्रिस्ती श्रद्धेतून लिहिलेल्या कथा-कादंबऱ्यांविषयी जालन्यात दोन मते नेहमी ऐकू येतात. पहिले मत साहित्याच्या व्यासपीठावरचे. अशा कथा म्हणजे प्रचारपत्रके, त्यांचा शेवट पहिल्याच पानावर कळतो, त्यांना साहित्य म्हणण्याचे कारण नाही. दुसरे मत आमच्याच चर्चच्या बाकांवरचे. पवित्र शास्त्र घरात असताना माणसाने रचलेल्या गोष्टी वाचायच्या कशाला, आणि लिहिण्यात वेळ घालवायचा तो तरी कशाला? ही दोन मते मांडणारी माणसे एकमेकांच्या दारात कधी जात नाहीत. तरीही दोघांच्या बोलण्याचा परिणाम एकच झाला आहे. जालना जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात वाढणाऱ्या मुलाला आपल्या घरासारखे घर मराठी गोष्टीत सापडत नाही. व्यासपीठाने ती गोष्ट दारात उभी केली नाही आणि मंडळीने ती लिहू दिली नाही. मला ही दोन्ही मते मान्य नाहीत. का मान्य नाहीत, ते सविस्तर सांगतो.

आधी व्यासपीठाचे बोलणे घेऊ. त्यांचा आक्षेप असा की लेखकाला वाचकाच्या मनात काही रुजवायचे असले की कला संपते. हा नियम खरा असेल तर तो सगळ्यांना लावा. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी उपदेश कधी लपवला नाही. कसे वागावे, कसे लिहावे, मूर्ख कोणाला म्हणावे, हे त्यांनी उघड सांगितले. शेजारच्या पैठणच्या एकनाथांनी भारुडात नाना जातींच्या, नाना धंद्यांच्या माणसांची सोंगे घेऊन अध्यात्मच शिकवले. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली ती मुलांची मने घडावीत म्हणूनच. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९०पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली. विधवेच्या हालअपेष्टा पाहून समाज हलावा हा त्यांचा हेतू नावातच उघड आहे. यांपैकी कोणाला आपण साहित्याबाहेर काढले? काढले नाही, आणि काढू नये हेच बरोबर. या पुस्तकांत हेतू आहे आणि माणसेही आहेत. मग विश्वास असलेले पात्र ख्रिस्ती निघाले की त्याच हेतूला प्रचार का म्हणायचे?

हा प्रश्न मराठी कादंबरीच्या जन्माशी येऊन भिडतो. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाली. पदमनजी बेळगावचे, जन्म १८३१चा, बाप्तिस्मा १८५४चा. म्हणजे पुस्तक आले तेव्हा ते पंचविशी ओलांडलेले तरुण होते. विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात आणि जातील तिथे त्यांना विधवा भेटतात. केशवपन झालेल्या, घरात कोंडलेल्या, फसवल्या गेलेल्या बायका आपापली कहाणी सांगतात. पुढे विनायक मरतो आणि ज्यांचे दुःख यमुना कान देऊन ऐकत आली, त्यांच्याच रांगेत ती स्वतः जाऊन बसते. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. आपट्यांच्या कादंबरीतल्या यमूच्या तेहतीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

या पुस्तकाला पहिल्या मराठी कादंबरीचा मान देताना आपल्याकडे पुष्कळ काळ हात आखडला गेला. धर्मप्रसाराचे पुस्तक म्हणून ते बाजूला ठेवण्यात आले आणि १८६१च्या ‘मुक्तामाले’कडे बोट दाखवण्यात आले. पुढे भालचंद्र नेमाड्यांनी मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्तींची मांडणी केली. वास्तवाला भिडणाऱ्या धारेचा उगम त्यांनी ‘यमुनापर्यटन’मध्ये दाखवला, रंजनाचा ‘मुक्तामाले’त आणि ऐतिहासिक कादंबरीचा ‘मोचनगडा’त. म्हणजे ज्याला प्रचारपत्रक म्हटले गेले, त्याच पुस्तकाने मराठी कादंबरीला आपल्या भोवतालच्या बाईचे दुःख पाहायला शिकवले. पदमनजींना ती दृष्टी त्यांच्या विश्वासातून आली होती. विश्वास वजा करून ते पुस्तक उरत नाही.

‘यमुनापर्यटन’ निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. त्यात पात्रे मध्येच थांबून वाद घालतात, लेखक आपली बाजू पात्रांच्या तोंडी पुरवतो आणि दुसऱ्याच्या पूजाअर्चेवर टीका करण्यात पाने खर्च होतात. शेवट तर फारच भराभर उरकला आहे. ही पाने आज वाचवत नाहीत, आणि विधवा स्वतः बोलतात ती पाने आजही सोडवत नाहीत. दोन्ही पाने एकाच विश्वासाच्या माणसाने लिहिली आहेत. तेव्हा दोष विश्वासाचा नाही. पात्राला बोलू न देता त्याच्या वतीने लेखकच बोलू लागतो, दोष तिथे आहे. तो दोष असलेली समाजवादी कादंबरी असते, राष्ट्रवादी कादंबरी असते, ग्रामीण कादंबरीही असते. तिथे आपण लेखक कमी पडला म्हणतो. ख्रिस्ती कथेच्या बाबतीत मात्र धर्माला दोष देऊन मोकळे होतो.

जगाच्या वाङ्मयातही हेच दिसते. जॉन बन्यन भांडी दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा, स्वतः तोच धंदा करणारा आणि विश्वासापायी तुरुंगात गेलेला. त्याचे १६७८चे रूपक इंग्रजी गद्याचा मानदंड ठरले, आणि हरि केशवजींनी १८४१ सालीच ते ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आणले. जपानच्या शुसाकू एंडोंची १९६६ची ‘सायलेन्स’ छळापुढे विश्वास सोडणाऱ्या पाद्र्याची गोष्ट सांगते. मॅरिलिन रॉबिन्सन यांच्या ‘गिलियड’मध्ये एक म्हातारा पाळक आपल्या लहान मुलासाठी पत्र लिहितो, बाकी फारसे काही घडत नाही, आणि त्या पुस्तकाला २००५चे पुलित्झर मिळाले. हे सगळे लेखक ख्रिस्ती, त्यांचा विषय ख्रिस्ती, आणि त्यांना वाचणारे सगळ्या धर्मांचे आणि कोणताच धर्म न मानणारेही.

व्यासपीठाचा आणखी एक आक्षेप असतो, तो उघड बोलला जात नाही. अशी कथा धर्मांतराचे साधन आहे, अशी ती शंका. २०२०च्या जानेवारीत उस्मानाबादला भरलेल्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. आयुष्यभर मराठीत लिहिलेला, ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेला हा वसईचा माणूस. तरीही एका धर्मगुरूला हा मान का, म्हणून त्यांच्या निवडीला विरोध झाला, धमक्या आल्या. संमेलन पार पडले आणि मराठवाड्याने त्यांचे भाषण ऐकले. या शंकेला माझे उत्तर सरळ आहे. पुस्तक कोणावर जबरदस्ती करू शकत नाही. आवडले नाही तर वाचक ते मिटतो, आणि त्याला अडवणारे तिथे कोणी नसते. शिवाय जालना जिल्ह्यातली आजची ख्रिस्ती घरे काल-परवा ख्रिस्ती झालेली नाहीत. कित्येक घरांत चौथी-पाचवी पिढी नांदते आहे. त्यांना कोणाचे मन वळवणाऱ्या पुस्तकाची गरज नाही. त्यांना स्वतःचे जगणे ओळखता येईल अशी गोष्ट हवी आहे.

आता मंडळीकडे वळतो. इथे मला जास्त कळकळीने बोलायचे आहे, कारण ही माणसे माझी आहेत. आमच्यात म्हणतात की कल्पित गोष्ट म्हणजे खोटे, आणि पौलाने तीमथ्याला लिहिताना कहाण्यांपासून दूर राहायला सांगितले आहे. पौलाचा इशारा खरा आहे. पण तो कल्पित गोष्टी सत्य म्हणून खपवणाऱ्यांविषयी आहे. ‘एक मनुष्य होता’ असे सांगून सुरू होणाऱ्या दृष्टांताविषयी तो असता, तर प्रभूच त्या इशाऱ्यात सापडला असता. चांगला शोमरोनी कोणत्या गावचा, उधळ्या पुत्राच्या बापाचे नाव काय, हे कोणी विचारत नाही. त्या रचलेल्या गोष्टी आहेत आणि त्या रचलेल्या आहेत हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक होते.

नाथान संदेष्ट्याचेच पाहा. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत मारवले. राजासमोर उभे राहून पापाचे नाव घेणे म्हणजे जिवावरचे काम. नाथान गोष्ट सांगतो. एका गावात एक श्रीमंत आणि एक गरीब. गरिबाकडे एकच कोकरू, घरच्या लेकरांबरोबर वाढलेले, त्याच्या ताटातले खाणारे. श्रीमंताकडे पाहुणा येतो. तो आपल्या कळपाला हात लावत नाही, गरिबाचे कोकरू कापतो. दावीद संतापतो, त्या माणसाला शिक्षा ठोठावतो, आणि मग नाथान त्याला सांगतो की तो माणूस तूच. उपदेशाला राजाने ऐकण्याआधीच दार लावले असते. गोष्टीने ते दार राजाच्याच हातून उघडून घेतले. ज्या शास्त्रात हा प्रसंग आहे, त्याच शास्त्राचा आधार घेऊन गोष्टींना बंदी घालता येत नाही.

मंडळीतल्या दुसऱ्या सवयीविषयीही बोलायला हवे. आम्हाला साक्ष ऐकण्याची सवय आहे. कन्व्हेन्शनला भाऊ किंवा बहीण उभी राहते, दारू सुटली, आजार बरा झाला, कर्ज फिटले, असे सांगते आणि मंडळी प्रभूची स्तुती करते. साक्षीचे मोल मी जाणतो. पण साक्ष ही बरे झाल्यानंतर दिली जाते. ज्याचा आजार बरा झाला नाही, ज्या बाईचा नवरा प्रार्थना करूनही प्यायचा थांबला नाही, ती उभी राहत नाही. तिची जागा गोष्टीत आहे. आमचे लेखक मात्र कथेलाही साक्षीच्याच साच्यात घालतात. संकट, प्रार्थना, चमत्कार, समाप्ती. संपादकही विचारतात की शेवटी कथेतली बाई पदरात काय घेऊन जाते. त्यांनी लूकच्या पंधराव्या अध्यायाचा शेवट पुन्हा वाचावा. धाकटा परत आला, मेजवानी चालू आहे, थोरला भाऊ रागाने अंगणात उभा आहे आणि बाप त्याला समजावतो आहे. थोरला आत गेला की नाही, हे प्रभूने सांगितले नाही. इतकी मोठी गोष्ट त्याने उघडी सोडली, आणि आम्हाला दहा पानांची कथा बंद केल्याशिवाय चैन पडत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ही कादंबरी नव्हे, आत्मकथा. पण ख्रिस्ती लेखकाने तिच्यापासून शिकावे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळातले दुरावणे, संताप, सोवळ्या-ओवळ्याशी झालेली झटापट, पुन्हा एकत्र येणे, यातले त्या काही लपवत नाहीत. नवरा थोर आणि त्याच्याबरोबर राहणे कठीण, हे दोन्ही त्या एका दमात सांगतात. हे पुस्तक महाराष्ट्रातल्या सगळ्या घरांत प्रेमाने वाचले गेले. त्याला कोणी प्रचार म्हटले नाही, आणि त्याच्याइतकी ख्रिस्ती विश्वासाची ओळख दुसऱ्या कोणत्या मराठी पुस्तकाने करून दिली असेल असे मला वाटत नाही. प्रामाणिकपणामुळे विश्वास उणा पडत नाही, हे त्या पुस्तकाने सिद्ध केले आहे.

विषय नाहीत अशी तक्रार कोणी करू नये. जालन्याच्या मातीत ते पडलेले आहेत. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचा १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा झाला. त्याचा अल्पवयीन भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. वडील कोर्टात गेले आणि मुलगा त्यांच्या ताब्यात दिला गेला. परधर्मीयांच्या घरी राहिलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचे की नाही यावर मोठा वाद उठला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर कर्मठांचा रोष पत्करून मुलाच्या बाजूने उभे राहिले. श्रीपत घरी राहिला. नारायण पुढे १८६०च्या दशकात जालन्याला आला, निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्याने जालन्याजवळ बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले आणि १८७३ साली न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत तो बोलला.

दोन भाऊ, दोन घरे, मध्ये एक आई. तिने कोणाच्या ताटाकडे पाहिले असेल? बेथेलमध्ये राहायला आले ते मुख्यतः मांग आणि महार समाजातले लोक. गावकुसाबाहेर जन्म गेलेल्या माणसाला स्वतःच्या गावात, स्वतःच्या विहिरीवर पहिला पोहरा ओढताना काय वाटले असेल? आणि ब्राह्मण घरातून आलेल्या पाळकाच्या शब्दावर चालणाऱ्या गावात ती बरोबरी पुरती उतरली का? हा शेवटचा प्रश्न ख्रिस्ती लेखकाने टाळू नये. तो विचारल्याने मिशनचा इतिहास काळवंडत नाही, माणसांचा होतो. या कादंबरीत जांभेकरांनाही मान मिळेल आणि शेषाद्रींनाही. दुसऱ्याच्या देवाची नालस्ती करून आपल्या देवाची थोरवी वाढत नाही, हे तिला आपोआप कळेल.

आजचे विषय त्याहून जवळ आहेत. अनुसूचित जातींविषयीच्या १९५०च्या आदेशात आधी फक्त हिंदू होते. १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. मांगवाड्यातला माणूस बाप्तिस्मा घेतो तेव्हा गाव त्याला मांग म्हणायचे थांबवत नाही, सरकार मात्र थांबते. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर कोणता धर्म लिहायचा, हा प्रश्न अशा घरात रात्री कंदील विझेपर्यंत चालतो. खरे लिहिले तर शिष्यवृत्ती जाते, खोटे लिहिले तर रविवारी मंडळीत मान खाली जाते. याहून कसोटीचा प्रसंग कोणत्या प्रेरणादायी कथाकाराला हवा आहे? अंबड-घनसावंगीकडून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याचा नाताळ उसाच्या फडात, कोपीसमोर येतो. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि लोकांनी हातांनी लावलेली झाडे हातांनी तोडली. त्या वर्षी चर्चमध्ये कापणीचा सण आला तेव्हा वेदीपुढे काय ठेवले गेले असेल, यावर एक चांगली कथा होऊ शकते.

ती लिहायची तर भाषाही आपली हवी. आमच्या कथांतली माणसे प्रार्थना करू लागली की अचानक छापील बोलतात. मंठ्याची बाई शेतात पाय घासत ‘हे परमपित्या, तुझ्या अपार कृपेने’ असे म्हणत नाही. ती म्हणते, ‘देवा, कामून असं केलंस रे? लेकरू तुला ठावं होतं ना?’ या वाक्यात विश्वास कमी नाही. दाराशी उभे राहून भांडायला लागतो तितका विश्वास त्यात आहे. स्तोत्रकर्त्यानेही देवाला असेच जाब विचारले आहेत. आणि मराठी कथा-सिनेमातला ख्रिस्ती माणूस अजून गोव्या-मुंबईचाच असतो, तोडकेमोडके मराठी बोलणारा, हातात ग्लास घेतलेला. गायकवाड, साळवे, कांबळे आडनावाचा, ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाऊन रविवारी उपासनेला जाणारा ख्रिस्ती त्यात दिसत नाही. त्याला आणायचे काम बाहेरचे कोणी करणार नाही.

म्हणून मागणी दोघांकडे आहे. दिवाळी अंकांच्या संपादकांनी कथा हाती आली की पात्राचा धर्म आणि लेखकाचा हेतू बाजूला ठेवून विचारावे की ही माणसे जिवंत आहेत का. नसतील तर कथा परत करावी, ख्रिस्ती आहे म्हणून नव्हे, कच्ची आहे म्हणून. आणि मंडळ्यांनी महिला मंडळात, तरुण संघात, संडे स्कूलमध्ये महिन्याला एक मराठी कथा वाचून तिच्यावर बोलावे. शंका घेणारे पात्र आले की पान उलटू नये, न मिळालेल्या उत्तराला चमत्काराचे ठिगळ लावायला लेखकाला सांगू नये. लिहिणाऱ्या तरुणाला वेळ वाया घालवतोस म्हणून हिणवू नये. ज्याला आपण प्रभू म्हणतो, त्याने आपले सर्वांत मोठे बोलणे गोष्टीतून केले. त्याच्या मागे जाणाऱ्यांनी गोष्ट सांगणे सोडणे हाच त्याच्या शिकवणीशी दुरावा आहे, आणि जालन्याच्या मंडळीने तो आता मिटवायला हवा.